तिथी गुणिले तीन, भागिले चार

शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमारास आम्ही आगरदांड्याला पोचलो, तर जेटीपासून गाड्यांची रांग पार वरच्या वळणापर्यंत आलेली. गुड फ्रायडे, शनिवार, रविवार अशी सलग सुट्टी. गाडी चालवायला मी, सोबत आई आणि ताई. आगरदांड्यापासून जयगडपर्यंत किनारा सोडायचा नाही आणि वाटेतल्या चारही मोठ्या खाड्या फेरीबोटीनेच ओलांडायच्या, असं मी महिनाभर आधी ठरवलं होतं. तिघींपैकी कुणीच हा पट्टा पाहिलेला नव्हता. वहीत किलोमीटर आणि तास मांडून ठेवले होते. दोनला फेरी, पाचला हरिहरेश्वर, उजेड असेपर्यंत डोंगरामागून समुद्राच्या कडेने जाणारी प्रदक्षिणा. ते सगळं वेळापत्रक त्या रांगेतच कोलमडलं.

तास गेला, दुसराही संपत आला. उन्हाने गाडीत बसवेना, म्हणून आम्ही जेटीजवळच्या सावलीत जाऊन उभ्या राहिलो. तिथे दोरखंड गुंडाळत बसलेल्या एका वयस्कर काकांना मी विचारलं, "हरिहरेश्वरची प्रदक्षिणा आज होईल का?" त्यांनी माझ्याकडे न बघता आईला विचारलं, "वहिनी, आज तिथी काय?"

आईला कॅलेंडर बघावं लागलं नाही. "काल हनुमान जयंती झाली. आज प्रतिपदा."

"मग एक त्रिक तीन, भागिले चार. पाऊण. पाऊण वाजता भरती होऊन गेली. आता पाणी उतरतंय, सातपर्यंत उतरेल. तुम्ही पोचेपर्यंत काळोख होईल. त्या खडकांवर काळोखात उतरू नका. उद्या सकाळी जा."

तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, जे उत्तर येईल त्या वाजता पूर्ण भरती. कोकण किनाऱ्यावरच्या लोकांना हे गणित पाठ असतं, मला मात्र ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. गावागणिक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण चूक याहून फारशी मोठी नसते. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं, आणि त्यांच्या मधोमध ओहोटी. शिवाय गुड फ्रायडे नेहमी पौर्णिमेच्या आसपासच येतो. म्हणजे या सुट्टीत किनाऱ्यावर जाणाऱ्याला बहुतेक वेळा उधाण भेटणार. पाणी जास्त चढतं आणि उतरतंही जास्त.

वहीतलं पान मी तिथेच फाडलं. पुढच्या दोन दिवसांचा हिशेब आईने तिथीवरून सांगितला आणि ताईने फोनमध्ये लिहून घेतला. शनिवारी द्वितीया, दीड वाजता भरती, म्हणजे सकाळी साडेसातच्या आसपास ओहोटी. रविवारी तृतीया, सव्वादोनला भरती.

हरिहरेश्वरला पोचलो तेव्हा दिवस मावळलेला होता. शनिवारी सकाळी साडेसहाला, पाणी अजून मागे हटत असतानाच, देवळामागच्या पायऱ्या चढून पलीकडच्या अरुंद घळीतून खाली उतरलो. घळ संपते आणि एकदम समोर समुद्र. लाटांनी कापून सपाट केलेलं खडकाचं अंगण आणि डावी-उजवीकडे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे पोखरलेले कातळ. आईने एका छिद्रात बोट घातलं. आत बारीक मिठाचा थर होता. खाऱ्या पाण्याचे तुषार दगडात मुरतात, पाणी सुकतं, मिठाचे स्फटिक फुगतात आणि दगड कणाकणाने झडतो. एवढी नक्षी निव्वळ मिठाने केलेली आहे हे हात लावल्यावर पटतं. पायाखाली मात्र शेवाळ होतं, चप्पल काढून चालावं लागलं. भरतीच्या वेळी याच वाटेवर लाटेने ओढून नेल्याने माणसं गेलेली आहेत आणि तसे इशारे तिथे लिहिलेलेही आहेत. पाणी फिरायच्या आत वर या, एवढं मी कळकळीने सांगेन.

बागमांडल्याला गेलो ती ऐन ओहोटीची वेळ, त्यामुळे बोट खूप खाली गेलेली. जेटीचा उतार एवढा तीव्र की गाडीच्या बॉनेटपलीकडचं काही दिसेना, आणि खालचा भाग गाळाने बुळबुळीत. बोटीवरचा मुलगा दोन्ही हात वर करून उलटा चालत होता. "ताई, ब्रेक मारू नका, पहिल्या गियरलाच राहू द्या, माझ्याकडे बघा." बंपर एकदा करकरून घासला. गाडी बोटीवर सपाट झाली, त्याने चाकाखाली लाकडी ओंडका सरकवला, आणि तेव्हा कुठे माझी स्टिअरिंगवरची पकड सुटली. खाली बसणारी गाडी असेल तर या बाजूला ओहोटीची फेरी टाळा, तास-दोन तास थांबा.

सावित्रीपलीकडे वेसवी, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. बाणकोटच्या किल्ल्यावरून नदीचं मुख आणि दोन्ही जिल्हे एका नजरेत येतात. इंग्रजांनी या किल्ल्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं, आपल्याकडे तो हिम्मतगड. वेळासला कासवांची पिल्लं सकाळ-संध्याकाळ सोडतात, आम्ही भर दुपारी गेलो म्हणून ते राहिलं. याची हळहळ अजून आहे. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपासून सुवर्णदुर्ग बघितला आणि मुक्कामाला मुरूड गाठलं. या प्रवासात दोन मुरूड आहेत, एक जंजिऱ्याजवळचं आणि एक दापोली तालुक्यातलं. नकाशात नाव टाकताना तालुका बघून घ्या.

रविवारी दाभोळ ते धोपावे. वाशिष्ठीची खाडी रुंद, पाणी चढायला लागलेलं, म्हणून गाडी सहज चढली. कोयनेच्या वीजघरांतून सोडलेलं पाणीही याच नदीतून समुद्राला मिळतं. घाटावरच्या पावसाचं पाणी डोंगराच्या पोटातून इथवर येतं, हे ताईने सांगितल्यावर आई बराच वेळ कठड्याला धरून खाली बघत राहिली.

गुहागर घाईत झालं, कारण हेदवीला दोनच्या आत पोचायचं होतं. उमा-महेश्वराच्या देवळाजवळ कातळात एक अरुंद भेग आहे, बामणघळ. ओहोटीला गेलात तर नुसती कोरडी फट दिसते. आम्ही बरोबर भरतीला उभ्या होतो. लाट भेगेत शिरायची, क्षणभर काहीच नाही, मग पायाखालून दबका घुमार, आणि पाण्याचा खांब सरळ वर. तो खाली कोसळेपर्यंत दुसरी लाट आत गेलेली असायची. आम्ही बऱ्याच मागे होतो तरी चेहरे ओले झाले. आई प्रत्येक लाटेला ताईचा हात घट्ट धरत होती. अर्धा तास कुणी काही बोललं नाही.

तवसाळच्या जेटीवर पुन्हा रांग होती, पण या वेळी मी घड्याळाकडे बघितलं नाही. शास्त्रीचं पाणी अजून भरलेलं होतं, पलीकडे जयगड दिसत होता. आई मागच्या सीटवर बोटं मोजत होती.

"एक मेला शुक्रवार आहे ना? त्या दिवशी बुद्धपौर्णिमा. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार..."

"सव्वा अकरा," ताई म्हणाली.

"म्हणजे साडेपाचला ओहोटी. हरिहरेश्वरची संध्याकाळची प्रदक्षिणा होईल. पहाटे लवकर निघू."