पत्राचे उत्तर

सांगली. रविवार, रात्री.

सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या त्या पत्राला माझ्याकडून अजून उत्तर गेलेले नाही. कृष्णाकाठच्या पायी प्रवासाचे माझे पुस्तक निघाल्यापासून ओळखीचे लोक ‘छान झाले आहे’ म्हणून विषय बदलत होते, प्रकाशकांकडून काही कळत नव्हते, आणि हे सारे चालणे, लिहिणे कोणासाठी केले, या विचाराने मी खंतावत होतो. तात्यांनी तर त्यावर बोलणेच सोडले होते. आता कोणीतरी मनापासून वाचल्याचे कळले, तर त्याने अधिकच अस्वस्थ केले आहे.

पत्र म्हणजे वहीची रेघी पाने, पाठपोट लिहिलेली. महाबळेश्वरापासून हरिपूरच्या संगमापर्यंत कृष्णाकाठाने जाताना मेणवलीच्या घाटावर, माहुलीवर मी पाने खर्ची घातली. त्यांबद्दल या गृहस्थांनी चकार शब्द लिहिलेला नाही. ते थांबले कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर, जिथे मी संध्याकाळी पाण्यात पाय सोडून बसलो होतो, एवढेच मी लिहिले आहे. त्यावर ते लिहितात, ‘आमचे गाव शिवसागराखाली गेले. तुम्ही कऱ्हाडला ज्या पाण्यात बसलात, ते आमच्या उंबऱ्यावरून आलेले.’

कोयनाही महाबळेश्वराचीच, आणि कऱ्हाडला ती कृष्णेला समोरून येऊन मिळते, हे पुस्तकात आहे. शिवसागर हा कोयना धरणाचाच जलाशय; त्याचे बरेचसे पाणी वीज निर्माण करून पश्चिमेला वाशिष्ठीत उतरते आणि उरलेले कऱ्हाडकडे येते, हेही ठाऊक होते. पण उंबरा मला कुठून दिसणार? तो ज्याचा होता त्यालाच दिसला. वर तक्रार नाहीच. ‘घरी जाऊन आल्यासारखे वाटले’ म्हणून आभार त्यांनीच मानले आहेत. आभार मानायचे कोणी, हे मला उलगडत नाही. ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहे’ हे कचेरीतल्या पत्रासारखे वाटते, आणि ‘ऋणी आहे’ लिहावे तर ते ऋण फेडण्याची माझी ऐपत नाही. माझ्या पुस्तकात मला कधीच लिहिता आले नसते असे एक वाक्य त्यांनी घातले. खप, परीक्षणे... असो.

वाचणारे थोडेच असतील, तर थोडे असोत. त्याचे आता फारसे वाटत नाही. उद्या साधेच पत्र लिहीन. गावाचे नाव त्यांनी कळवलेले नाही, ते विचारायचे आहे, आणि घराचे तोंड नदीकडे होते का, तेही.