ग्रहणातलं भजन

भजनी मंडळाचा सप्ताह दरवर्षी ठरल्या तिथीला बसतो. ग्रहण येईल तेव्हा येतं, म्हणून ती बैठक जास्त लक्षात राहते. एरवी बुवा म्हणतील तेव्हा भैरवी. ग्रहणात घड्याळच बुवा. स्पर्शाला, म्हणजे ग्रहण लागताना, स्नान, मग जप-भजन, मोक्षाला, म्हणजे ते सुटताना, पुन्हा स्नान आणि दान. अभंग या वेळांतच बसवायचे.

26 डिसेंबर 2019 ला मुंबईत स्पर्श सकाळी 8:04 ला, मध्य 9:22 ला, मोक्ष 10:55 ला. जवळजवळ तीन तास, तेही उपाशीपोटी, कारण सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर, म्हणजे बारा तास आधी लागतात. चहासुद्धा नाही. उत्साहात पहिलाच अभंग टिपेला नेला की मध्य येईपर्यंत गळा बसलाच. जाणती मंडळी खालच्या पट्टीत ‘रामकृष्णहरी’ संथ धरतात आणि लय वाढवायची ती मध्यानंतर.

खरी परीक्षा पखवाजाची. डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडाच्या कातड्याला, लावायची मूठभर कणीक बैठकीआधी मळतात. वेधात स्वयंपाक नाही, पण ही कणीक खायची थोडीच आहे! तासाभरात ती सुकते, कडेला भेगा पडतात, घुमारा जातो आणि डावं चढं बोलायला लागतं. ओला हात फिरवला की पुन्हा खाली येतं. पाणी जास्त झालं तर मात्र कणीक ओघळते आणि बोल दबतो. गजर चालू असताना पखवाजी हे करणार कधी? म्हणून दोन अभंगांमध्ये नुसत्या टाळांवर एक नामधून ठेवतात. वीणाही तेव्हाच हातोहात पुढे जाते. ती खाली ठेवायची नाही.

25 ऑक्टोबर 2022 ला सगळंच उलटं. लक्ष्मीपूजन आदल्या दिवशी, पाडवा दुसऱ्या दिवशी, मध्ये ग्रहण. फराळाच्या डब्यांत तुळशीची पानं. मुंबईत स्पर्श 4:49 ला आणि सहा वाजून गेल्यावर सूर्य ग्रासलेलाच मावळला. ग्रस्तास्त ग्रहण, पर्वकाळ सूर्यास्तापर्यंतच. तीन तासांची यादी सव्वा तासात कोंबायची म्हणजे निम्मे अभंग गळणारच. गळाले ते बरंच झालं. एरवी यादी लांबतेच.

सकाळच्या ग्रहणात मात्र एक मौज असते. बाहेर ‘दे दान, सुटे गिराण’ची हाक, आत टाळ, आणि अंगणातल्या झाडाखाली पानांच्या फटींतून पडलेले उन्हाचे कवडसे गोल नाहीत, सगळे कोरीच्या आकाराचे. टाळ धरलेली पोरं तेवढ्यासाठी ठेका चुकवतात.