चव्वेचाळीस वातींचा सण

हनुक्का या यहुदी सणाची सुट्टी शाळेने कधी दिली नाही आणि आम्हा बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या यहुदी मुलांनी ती कधी मागितलीही नाही. हा सण तोरा या आमच्या मूळ धर्मग्रंथातला नाही, त्यामुळे कामधंदा बंद ठेवण्याची आज्ञा त्याला लागू होत नाही. हजेरीपटावरचे पेणकर, रोहेकर, नागावकर रोजच्यासारखे वर्गात असत. सण सुरू होई तो अंधार पडल्यावर, घरी. वर्गमित्र त्याला ‘तुमची दिवाळी’ म्हणत. सोयीचे खरे, पण पणतीच्या उजेडात रांगोळी घालता येते, हनुक्काच्या दिव्यांच्या उजेडात साधे पुस्तकही वाचायचे नसते. ते दिवे फक्त पाहायचे. म्हणूनच आठ दिव्यांखेरीज एक नववा, शमाश, लावतात. बाकीचे दिवे त्याने पेटवायचे, आणि चुकून उजेडाचा उपयोग झालाच तर तो त्याचा झाला असे धरायचे.

सीरियाच्या ग्रीक वंशाच्या सेल्युसिड घराण्याचा राजा चौथा अँटिओकस याने इ.स.पू. १६७ मध्ये जेरुसलेमचे मंदिर बाटवले. शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळपासूनचा विश्रामदिन) आणि सुंता यांवर बंदी घातली. मोदीइन गावच्या मत्तथिया या याजकाने बंड पुकारले. त्याचा मुलगा यहूदा मक्काबी याने मंदिर परत मिळवले आणि इ.स.पू. १६४ मध्ये किस्लेव या हिब्रू महिन्याच्या २५ तारखेला त्याचे पुन्हा समर्पण केले. मंदिरातल्या दिव्यांचे एका दिवसाचे तेल आठ दिवस पुरल्याची गोष्ट सर्वांना ठाऊक असते, पण ती कित्येक शतकांनंतरच्या तालमूद या धर्मचर्चेच्या ग्रंथातली आहे. या बंडाची हकीकत सांगणाऱ्या मक्काबींच्या ग्रंथांत तेलाचा चमत्कार नाही. त्यांतल्या दुसऱ्या ग्रंथानुसार लढाईमुळे मांडवांचा सण, म्हणजे सुक्कोथ, राहून गेला होता, म्हणून त्याच्यासारखे आठ दिवस पाळले. मला हेच कारण जास्त पटते.

कोकणात हा सण उशिरा आला. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्यांचा रोजा अशी आपल्या जुन्या सणांना मराठी नावे आहेत. हनुक्काला तसे नाव नाही. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागलेले आमचे पूर्वज मंदिराच्या या समर्पणाआधीच मायदेशाहून निघाले होते, असे एक मत त्यावरूनच मांडले जाते. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांनी विसरलेल्या किंवा माहीत नसलेल्या बऱ्याच गोष्टी इथे शिकवल्या.

आता दिवे. पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन, असे वाढवत आठव्या रात्री आठ: एकूण ३६. रोजचा शमाश धरून ४४. मेणबत्त्यांच्या पेटीत ४४ असतात त्या यामुळे. दिवे उजवीकडून भरत जायचे, पण पेटवताना सर्वांत डावीकडचा, म्हणजे त्या रात्रीचा नवा दिवा आधी. पहिल्या रात्री तीन बेराखा (स्तुतीच्या प्रार्थना), पुढे दोन. आठही दिवे एका उंचीवर हवेत आणि शमाश वेगळा दिसेल असा वर किंवा बाजूला. नाहीतर पाहणाऱ्याला रात्र कितवी ते कळत नाही. दोन ज्योतींत बोटभर तरी अंतर ठेवा. जवळ ठेवल्या की शेजारची मेणबत्ती वितळते, ज्योती एक होतात, आणि एक झालेली ज्योत दोन दिवे म्हणून धरत नाहीत.

तेल ऑलिव्हचे उत्तम, पण नीट जळणारे कोणतेही चालते. कोकणात खोबरेल हाताशी असते, मात्र ते २४ अंशांच्या खाली गोठू लागते. डिसेंबरच्या संध्याकाळी बाटली पांढरी झाली की वात तेल ओढत नाही, ज्योत टिमटिमते आणि विझते. बाटली आधी कोमट पाण्यात धरावी, किंवा तीळतेल घ्यावे. पेल्यात तळाशी पाणी, वर तेल आणि तरंगती वात लावली तर तेल संपताच ज्योत पाण्याला टेकून विझते, काच तडकत नाही. पण पाणी जास्त आणि तेलाचा नुसता तवंग असेल तर दिवा अर्धा तासही टिकत नाही, आणि अंधार पडल्यावर अर्धा तास ही किमान मर्यादा आहे. जाड वात काजळी धरते, फार बारीक तेलात बुडते. पुरेसे तेल घालून लावलेला दिवा वाऱ्याने विझला तर नियमाने पुन्हा लावावा लागत नाही. लावलाच तर बेराखाशिवाय. मुद्दाम पंख्याखाली ठेवणाऱ्याला मात्र ही सवलत नाही.

गडबड होते ती शुक्रवारी. शब्बाथ लागल्यावर आग पेटवता येत नाही, म्हणून हनुक्काचे दिवे आधी, शब्बाथचे नंतर. अलिबागेत त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. साडेपाचला लावलेला दिवा सातपर्यंत राहायला हवा, तेव्हा तेल रोजच्या तिप्पट. पेटीतल्या बारीक मेणबत्त्या इथे कमी पडतात. शनिवारी शब्बाथ सुटल्यावरच काडी ओढायची.

खाण्यात तळणीचे काहीही. युरोपातले यहुदी बटाट्याचे लाटके (तळलेल्या चपट्या टिक्क्या) करतात, इस्राएलमध्ये सुफगानियोत (तळलेले गोड डोनट). मांसाच्या जेवणानंतर दुधाचे गोड चालत नाही, एवढे सांभाळले की पुरे.

शाळेच्या दिनदर्शिकेत सण छापताना एक दुरुस्ती करावी. हिब्रू दिवस संध्याकाळी सुरू होतो. उदाहरणार्थ, २०२५ मध्ये २५ किस्लेव १५ डिसेंबरला असला तरी पहिला दिवा १४ डिसेंबरच्या रात्रीचा. ‘१४ डिसेंबर, सूर्यास्तापासून’ असे छापले की घोळ राहणार नाही.