पेटी, पट्टी आणि माझा बॅकलॉग

प्रॉडक्ट ओनरचं काम, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये काय करायचं आणि कोणत्या क्रमाने हे ठरवण्याचं काम, माझ्याकडे आलं ते दिवाळीनंतर. मार्चमध्ये आंब्याचा हंगाम उभा राहणार होता. रत्नागिरीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी तोवर पाच वर्षं टेस्टिंग करत होते. कंपनीने बागायतदारांसाठी अॅप करायला घेतलं. कोणत्या दलालाकडे किती पेट्या गेल्या, पट्टी (दलालाकडून येणारा विक्रीच्या हिशेबाचा कागद) कितीची आली, येणं किती राहिलं, हे फोनवर दिसावं एवढाच मूळ विचार. टीम सहा जणांची, त्यातले चौघे पुण्यात. मी पावसची, घरची साठेक कलमं आहेत, म्हणून साहेबांनी माझं नाव पुढे केलं.

तयारीत मी कसर ठेवली नाही. आमची टीम स्क्रम या, टप्प्याटप्प्याने काम करण्याच्या पद्धतीने चालते. तिचे नियम सांगणाऱ्या स्क्रम गाइडची २०२० ची आवृत्ती जेमतेम तेरा-चौदा पानांची, ती मी इतक्यांदा वाचली की वाक्यं पाठ झाली. मग स्क्रम डॉट ऑर्गची पीएसपीओ-१ ही प्रॉडक्ट ओनरसाठीची परीक्षा दिली. ६० मिनिटांत ८० प्रश्न सोडवायचे आणि पास व्हायला ८५ टक्के लागतात. पहिल्याच फेरीत झाले. ज्यांना ही परीक्षा द्यायची आहे त्यांनी जरूर द्यावी, शब्दांचे अर्थ पक्के होतात. पण बागायतदाराच्या पडवीत बसून काय ऐकायचं, हे त्यात येत नाही.

जानेवारीपर्यंत माझ्या बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या क्रमवार यादीत, ११२ युजर स्टोऱ्या होत्या. वापरणाऱ्याला काय हवं ते एका-दोन ओळींत लिहिलं की झाली एक स्टोरी. साहेबांना रंगीत ग्राफ हवे होते. विक्री बघणाऱ्याला हवामानाचा इशारा हवा होता. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तर प्रत्येक पेटीवर क्यूआर कोड हवा, असं आणखी कोणाचं म्हणणं. जो जे सांगेल ते मी लिहून घेत होते आणि जो जास्त वेळा फोन करेल त्याची स्टोरी वर जात होती. प्रॉडक्ट ओनर म्हणजे एक व्यक्ती, समिती नव्हे, असं गाइडमध्ये स्पष्ट लिहिलंय. माझ्याकडे नाव एकटीचं होतं आणि यादी समितीची.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात अॅप घेऊन मी आमच्या शेजारच्या काकांच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, गेले. संध्याकाळचे पाच वाजलेले. काढणी करून आलेले गडी देठ तपासत होते, दोघं जण पेटीत पेंढा घालून फळं लावत होते, आणि सातला वाशीची गाडी यायची होती. आम्ही प्रत्येक पेटीमागे अकरा रकाने ठेवले होते. काकांनी फोन हातात घेतला, दोन रकाने भरले आणि परत दिला. त्यांच्या बोटांना चीक लागलेला, स्क्रीन दाद देईना. रेंज तर मांगराबाहेर कातळावर चढल्याशिवाय नाही. त्यांनी खिशातलं मार्कर काढलं, पेटीवर नावाचं अक्षर आणि नग लिहिला, पुढची पेटी ओढली. एका पेटीला चार-पाच सेकंद.

मी तिथे गाडी जाईपर्यंत बसून राहिले. नंतर काकूंनी घरी चहाला बोलावलं. पडवीत त्यांची वही उघडी होती, शेजारी सुतळीने बांधलेला पट्ट्यांचा गठ्ठा. मी विचारलं, पेट्यांचा आकडा फोनवर दिसला तर बरं पडेल ना? त्या म्हणाल्या, “गो बाय, पेट्या किती गेल्या ते मला तोंडपाठ असतं. दलालान उचलीत किती वळते केलान, तेवढं सांगेल तुझं अॅप?”

त्या एका वाक्यावर पुढचं सगळं काम उभं राहिलं, म्हणून थोडं सविस्तर सांगते. मोहोर यायच्या वेळी फवारणीला, राखणीच्या गड्यांना पैसा लागतो. तो पुष्कळ बागायतदार दलालाकडून आगाऊ घेतात. ती उचल. मग माल गेला की पट्टी येते, तिच्यात भाडं, हमाली वजा झालेली असते आणि उरलेल्या रकमेतून काही उचलीत वळती होते, काही हातात येते. कधी दोन पट्ट्यांची वळती एकत्र दाखवतात, कधी मागच्या वर्षीची बाकी पुढे ओढतात. पेट्यांचा हिशेब कोणाचाच चुकत नव्हता. चुकत होता तो उचलीचा. आणि तो ठेवणारी व्यक्ती मांगरात नव्हतीच. ती रात्री आठनंतर पडवीत बसत होती, तिचे हात कोरडे होते आणि घरात वायफाय होतं. आम्ही तीन महिने चुकीच्या माणसासाठी, चुकीच्या जागी, चुकीच्या वेळेचं अॅप करत होतो.

दुसऱ्या दिवशी मी मांगरातला तो फॉर्म पूर्ण काढून टाकला. पट्टीचा फोटो, पेट्यांची संख्या आणि उचलीत वळती झालेली रक्कम, एवढ्या तीनच नोंदी ठेवल्या. बॅकलॉगच्या माथ्यावर प्रॉडक्ट गोल म्हणून एक ओळ लिहिली: ‘पट्टी हातात आली त्याच रात्री उचलीची बाकी कळावी.’ ११२ मधल्या ज्या स्टोऱ्या या ओळीच्या कामाच्या नव्हत्या त्या खाली ढकलल्या, काही पुसल्या. पुसताना हात अडखळत होता, कारण प्रत्येकीमागे कोणाचा तरी आग्रह होता.

साहेबांशी बोलणं सर्वांत अवघड गेलं. त्यांनी विचारलं, “ग्राफ कधी येणार?” मी म्हटलं, “या हंगामात नाही, साहेब.” ते गप्प झाले. मी काकूंच्या परवानगीने काढलेले पट्ट्यांचे फोटो, नावं झाकून, त्यांच्यापुढे ठेवले आणि उचलीची बाकी काढून दाखवा म्हटलं. वीसेक मिनिटं त्यांनी स्वतः आकडे मांडले आणि जुळेना तेव्हा कागद बाजूला केला. “३१ मेपर्यंत क्रम तू ठरव. मी मध्ये पडणार नाही,” म्हणाले. आणि पडले नाहीत. प्रॉडक्ट ओनरच्या निर्णयांचा मान संपूर्ण संस्थेने ठेवायला हवा, असं गाइड सांगतं. तो मान मला पदामुळे मिळाला नाही, त्या फोटोंमुळे मिळाला.

डेव्हलपरांच्या बाबतीत माझी दुसरी चूक होती. स्टोरी नीट लिहिली की काम झालं असं मी धरून चालले होते. मग पुण्याच्या एकाने विचारलं, “ताई, उचल म्हणजे कर्ज ना? मग व्याज कुठे धरायचं?” त्याला तीन दिवस उत्तर मिळालं नव्हतं, कारण मी बैठकांमध्ये होते. तेवढ्यात त्याने व्याजाचा अख्खा हिशेब लिहून ठेवला होता. तो टाकून द्यावा लागला. तेव्हापासून रोज चार ते पाच मी व्हिडिओवर नुसती हजर असायचे, कोणी विचारो न विचारो. एप्रिलच्या सुरुवातीला पुण्याचे दोघे दोन दिवस आमच्या घरी राहून गेले. त्यातल्या एकाने हौसेने पेट्या भरल्या, मनगटावर चीक उतला आणि डाग पडला. स्प्रिंट म्हणजे कामाचा ठरावीक दिवसांचा टप्पा; तो संपताना झालेलं काम दाखवायचं असतं. तो स्प्रिंट रिव्ह्यू आम्ही काकांच्याच पडवीत घेतला. काकूंनी फोन घेऊन तीन पट्ट्या नोंदवल्या, कोणालाही न विचारता.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एका रात्री वाऱ्यासकट अवकाळी पाऊस आला. सकाळी कलमांखाली फळांचा सडा. पडलेला, डागी आंबा पेटीत जात नाही, तो कॅनिंगला, म्हणजे रस डबाबंद करायला, जातो, क्रेटमधून, किलोवर. आमच्या अॅपला किलो ठाऊकच नव्हता. चालू स्प्रिंट होता थेट ग्राहकांच्या ऑर्डरींचा, दहा दिवसांतला चौथा दिवस, आणि ग्राहकाला पाठवायला माल उरला नव्हता. स्प्रिंट रद्द करण्याचा अधिकार फक्त प्रॉडक्ट ओनरचा असतो, तोही स्प्रिंटचं उद्दिष्ट कालबाह्य झालं तरच. परीक्षेत हा प्रश्न मी बरोबर सोडवला होता. प्रत्यक्षात सगळ्यांना व्हिडिओवर बोलावून ‘थांबवू या’ म्हणताना घसा कोरडा पडला. दोघींचं काम अर्धं झालं होतं. त्यांना मी कारण सांगितलं, सकाळचे बागेतले फोटो दाखवले. एकीने फक्त विचारलं, “किलोचा भाव दिवसातून एकदाच ठरतो ना?” मी काकांना विचारून येते म्हटलं. भाव सकाळ-संध्याकाळ वेगळा निघाला. विचारलं नसतं तर पुन्हा चुकलो असतो.

तिसऱ्या संध्याकाळी वजन, भाव आणि कॅनिंगची पावती काकूंच्या फोनवर चालू झाली. पण थेट ऑर्डरींचा शब्द मी सात कुटुंबांना दिला होता. त्या सातही घरी मी स्वतः फोन केला. गणपतीपुळ्याकडचे एक बागायतदार चांगलेच रागावले, “मुंबईच्या गिऱ्हाइकांना मी काय तोंड दाखवू?” त्यांचं बरोबर होतं. त्यांची यादी मी रात्री बसून कागदावर तयार करून दिली, अॅपविना.

जूनमध्ये पाऊस धरल्यावर काकूंकडे गेले. हंगामाचा हिशेब त्यांनी लावून ठेवला होता. एका पट्टीची वळती दोनदा धरली गेलेली त्यांना सापडली, त्यांनी दलालाला फोन केला आणि त्याने चूक मान्य करून रक्कम दुरुस्त केली. आता बॅकलॉगमध्ये ३१ स्टोऱ्या आहेत. साहेबांचा ग्राफ नवव्या क्रमांकावर आहे. पहिल्या क्रमांकावर काकूंची मागणी आहे, उचलीचं पान कागदावर छापून मिळावं. पुढची उचल घ्यायला त्या या वेळी काकांबरोबर स्वतः जाणार आहेत आणि ते पान त्यांना दलालापुढे ठेवायचं आहे.