दहाच्या पुढची कणसरी

माझा धंदा साउंडचा. लग्नं, हळदी, गणपती, सभा. नाशिक म्हटलं की ढोल, आणि ढोलांच्या गावात धंदा करायचा म्हणजे गिऱ्हाईक एकच विचारतं, ‘किती लांब जाईल?’ महिन्यातून एक रविवार मात्र मी पंचवटीतल्या एका जुन्या वाड्याच्या चौकात छोटा सेट लावतो. दोन स्पीकर, आठ चॅनलचा मिक्सर, पाच-सहा माइक. तिथे लोककलावंतांची बैठक असते. तिकीट नाही. दाराशी पितळी डबा ठेवलेला असतो, ज्याला जे जमेल ते टाकतो आणि डबा तसाच्या तसा कलावंताच्या हाती जातो. सत्तर-ऐंशी माणसं सतरंजीवर बसतात. आजवर भारूड झालं, वाघ्या-मुरळी झाले, डफावरचा पोवाडा झाला, अहिराणी गाणी झाली. मी या कामाचे पैसे घेत नाही.

गेल्या डिसेंबरच्या बैठकीला पेठ तालुक्यातून, सावळघाट ओलांडून, कोकणा समाजातले एक बाबा आले. थाळगान करणारे. बरोबर झील धरायला पुतण्या. वाद्य कुठे आहे म्हणून मी विचारलं तर त्यांनी पिशवीतून फडक्यात बांधलेली काशाची थाळी काढली. घरात जेवायला घेतो तशीच. मग मेणाचा गोळा काढला, अंगठ्याने मळून मऊ केला, थाळीच्या मधोमध दाबून बसवला आणि त्यात एक लांब, सरळ काडी उभी रोवली. दोन्ही हातांच्या चिमटीतून ती काडी वरून खाली ओढायला लागले. एक हात खाली पोचतो तोवर दुसरा वर. थाळी घुमायला लागली. भिंतीतल्या पोळ्याला कान लावावा तसा तो आवाज होता, अखंड, कुठेच न तुटणारा.

आणि इतका बारीक, की चार हातांवर गेलं की संपला.

मी नेहमीचा माइक थाळीजवळ नेला. काही येईना. गेन वाढवला, तर थाळीआधी फीडबॅकची शिट्टी आली. स्पीकरमधून बाहेर पडलेला आवाज माइकमध्ये परत शिरतो आणि गोल फिरत वाढत जातो, त्याची ती शिट्टी. थाळीसारखी आधीच घुमणारी वस्तू समोर असली की ती आणखी लवकर येते. मग कंडेन्सर, म्हणजे जास्त नाजूक कानाचा माइक, लावला. त्याने थाळी पकडली, पण बरोबर गल्लीतली रिक्षा आणि शेजारचा कुकरही पकडला. तासभर मी एकेक फ्रिक्वेन्सी कापत बसलो. शेवटी जो आवाज उरला तो पत्र्याच्या डब्याचा होता. बाबा शांतपणे बघत होते. म्हणाले, “दादा, एवढ्या लांब कोणाला ऐकवायचंय?”

मला उत्तर सुचलं नाही. मी स्पीकर पुढून काढून बाजूला भिंतीशी नेले, आवाज अगदी कमी ठेवला आणि सतरंज्या बाबांच्या भोवती गोल टाकायला लावल्या. थाळीच्या काठाखाली फडक्याच्या घडीवर एक कॉलर-माइक सरकवला. आता जमलं.

मग दुसरी अडचण. कार्यक्रमात थाळगानाला चाळीस मिनिटं होती, त्यानंतर गोंधळ. बाबांनी ते ऐकलं आणि काडी मेणातून उपटली. ते कणसरीची कथा लावणार होते. कणसरी म्हणजे धान्याची देवी. तिची कथा रात्रभर चालते. “तिला अर्ध्या वाटेत सोडून उठायचं नसतं,” म्हणाले. आवाज चढवला नाही, रागावले नाहीत. बैठक चालवणाऱ्या ताईंनी अर्धा मिनिट विचार केला आणि क्रम फिरवला. गोंधळ आधी, कथा शेवटी, आणि संपेल तेव्हा संपेल. मला ताईंचा तो निर्णय फार मोठा वाटतो. चाळीस मिनिटांचा एखादा तुकडा मागून घेणं सोपं होतं, आणि बहुतेक ठिकाणी तेच करतात.

गोंधळ्यांचा संबळ माइकविनाच वाड्याच्या माडीपर्यंत पोचला. साडेआठला बाबा बसले.

रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, २००० सालचा नियम आहे. एरवी मी दहाला पाच कमी असताना हात दाखवतो आणि कार्यक्रम गुंडाळतात. त्या दिवशी तसं करता येणार नव्हतं, आणि आवाज एकदम तोडला असता तर लोकांची तंद्री मोडली असती. म्हणून पावणेदहापासून मी मुख्य फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकती खुंटी, दर मिनिटाला केसभर खाली आणत गेलो. कानाला इतका हळू बदल कळत नाही. लोक आपोआप पुढे सरकत होते. मागच्या भिंतीला टेकलेले एक आजोबा खांबापर्यंत आले, दोन मुली तर थाळीपासून हातभर अंतरावर. दहाला फेडर तळाला होता, स्पीकर बंद होते आणि एकाही माणसाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही.

थंडी कडक होती. निम्मे लोक बाराच्या आत गेले. उरलेल्यांसाठी वाड्यातल्या बायकांनी गोधड्या काढल्या. मला कोकणा बोली अर्धीच कळते, पण पुतण्या ओळ उचलायचा तेव्हा आमच्यातले तीन-चार जण हळूहळू त्याच्याबरोबर उचलायला लागले. दोननंतर तर मीही. बाबांच्या चिमटीची लय रात्रभरात एकदाही ढिली पडली नाही.

पहाटे काळारामाकडून काकडआरतीचे आवाज यायच्या सुमाराला कथा पुरी झाली. बाबांनी काडी काढली, नखाने मेण खरवडून पुन्हा गोळा केला, थाळी नळाखाली धुतली आणि ताईंनी केलेला गरम उपमा त्याच थाळीत घेतला.

मी वायरी गुंडाळताना रेकॉर्डर पाहिला. त्याची जोडणी मी मिक्सरच्या मुख्य आउटपुटमधून केली होती, म्हणजे फेडरच्या पुढून. फेडर खाली येत गेला तशी फाइलही विझत गेली होती. दहानंतर तिच्यात निव्वळ शांतता. चॅनलवरून थेट वेगळी वायर काढली असती तर सगळी रात्र मिळाली असती. बावीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसाची ही चूक. मी बाबांच्या शेजारी जाऊन बसलो आणि जे झालं ते सांगितलं, माफी मागितली.

त्यांनी उपमा संपवला, बोटं चाटली. “गावाला ये. घरची कणसरी असेल तेव्हा सांगतो. आधी जेवायचं, मग बसायचं.”

साडेसहाची एसटी होती. मी त्यांना स्कूटरवरून बसस्थानकावर सोडलं, पुतण्या रिक्षाने आला. थाळी बाबांनी पोटाशी धरली होती. रविवार कारंजापाशी गाडी खड्ड्यात आदळली तेव्हा ती माझ्या पाठीला लागून एकदा घुमली.