बैलाचा खांदा

जानेवारीत भरिताची पार्टी आणि हा प्रश्न, दोन्ही मला चुकत नाहीत. शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत असतात, कोणीतरी मोबाइलवर बातमी वाचतो की अमेरिकेत फुटबॉलच्या अमुक इतक्या प्रशिक्षकांना नारळ दिला, आणि सगळे माझ्याकडे वळतात. "भाऊ, तुम्ही तिकडे होते ना? मग ते जीएम लोक नवा माणूस निवडता तरी कसा?"

पिट्सबर्गला पाच वर्षं कॉम्प्युटरची नोकरी केली, एवढाच माझा अधिकार. तिथं लागलेलं वेड अमळनेरला परत येऊनही सुटलं नाही. त्यांची रविवार रात्रीची मॅच हिवाळ्यात आपल्याकडे सोमवारी सकाळी सातच्या आत सुरू होते. मी ती पोह्यांबरोबर बघतो आणि घरचे मला नावं ठेवतात. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. भुसावळकडच्या माणसाला जीएम म्हटलं की मध्य रेल्वेचे जनरल मॅनेजर आठवतात, जे पाहणीला येणार म्हणून झाडांच्या बुंध्यांना चुना फासला जातो. हा जीएम निराळा आणि फुटबॉलही निराळा, अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचा. एनएफएल ही त्यांची लीग, संघ ३२. जीएम खेळाडू निवडतो, करार करतो, पगाराची मर्यादा सांभाळतो. मैदानावरचं सगळं मुख्य प्रशिक्षकाचं. प्रशिक्षकाच्या नेमणुकीवर शेवटची मान मालकाची डोलते, पण पारख बहुतेक ठिकाणी जीएमने करायची असते. काही संघांत प्रशिक्षकच जीएमपेक्षा वजनदार असतो, तो भाग सोडा. साखळी सामने संपले की दुसऱ्या दिवशी, सोमवारी, हकालपट्ट्या सुरू होतात. त्या दिवसाला तिकडे काळा सोमवार म्हणतात.

आपल्याकडे तो दिवस आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवं सुरू होतं. वर्षाची रक्कम ठरते, उचल दिली जाते, आणि चुकीचा माणूस ठेवला तर पुढच्या आखाजीपर्यंत भोगायचं. तिकडे तर चार-पाच वर्षांचा करार. मधेच काढलं तरी उरलेले पैसे बहुतेक वेळा द्यावेच लागतात.

मी सातवीत असेन. एक सालदार मामांच्या ओळखीने आला होता. बोलायला गोड, पाऊसपाण्याचं ज्ञान तोंडपाठ. आमच्या नानांनी त्याला हो-नाही काही सांगितलं नाही. संध्याकाळी मला सायकलवर डबलसीट घेतलं आणि बोरी नदीकाठच्या ज्या गावी तो आधी कामाला होता तिथं गेले. मालक भेटायच्या आधी गोठ्यात शिरले. बैलाच्या खांद्यावर, जू बसतं तिथं, हात फिरवला. पुठ्ठ्यावर पराणीचे टोचे आहेत का ते चाचपलं. मग काहीच न बोलता आपला उजवा हात नुसता वर उचलला. बैलाने डोळे मिटून मान झटक्यात बाजूला घेतली. नानांनी मालकाकडे चहा घेतला, कापसाच्या भावाचं बोलले आणि परत निघाले. वाटेत एवढंच म्हणाले, "मानूस नको देखू, बैलना खांदा देख."

चांगला जीएम हेच करतो. उमेदवार मुलाखतीला उत्तमच बोलतो, कारण तो वर्षभर त्याच दिवसाची तयारी करत असतो. जीएमला पाहायचं असतं की त्याच्या हाताखालचे खेळाडू आले तेव्हा कसे होते आणि गेले तेव्हा कसे. ज्यांना त्याने संघातून काढलं ते त्याच्याबद्दल काय बोलतात, हे तर आधी. ऑगस्टअखेर ९० खेळाडूंचे ५३ करावे लागतात. त्या दिवशी ३७ जणांना घरी पाठवण्याची रीत प्रत्येक प्रशिक्षकाची वेगळी असते आणि ती पोरं विसरत नाहीत. शिफारसपत्र देणारा तर मामाच असतो, तो वाईट कशाला बोलेल?

अँडी रीडचं उदाहरण मला फार आवडतं. १९९९ मध्ये फिलाडेल्फियाने त्याला मुख्य प्रशिक्षक केलं तेव्हा त्याने एनएफएलमध्ये आक्रमणाची किंवा बचावाची पूर्ण जबाबदारी कधी सांभाळली नव्हती. ग्रीन बेच्या संघात तो क्वार्टरबॅकांना शिकवायचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूंना. मुलाखतीला तो वर्षानुवर्षं भरत आणलेली जाडजूड वही घेऊन गेला. १४ हंगाम टिकला. शेवटच्या, २०१२ च्या हंगामात ४ सामने जिंकले, १२ हरले, आणि काढला गेला. त्याच हंगामात कॅन्सस सिटीने फक्त २ सामने जिंकले होते. त्यांनी काही दिवसांतच त्याला उचलला. पुढच्या वर्षी ११ विजय, आणि नंतर तीनदा सुपर बोल, म्हणजे लीगच्या विजेतेपदाचा अंतिम सामना, जिंकला. एकाच्या खळ्यावरून उठवलेला माणूस दुसऱ्याच्या खळ्यावर रास लावतो. पण म्हणून काढलेला प्रत्येक जण सोनं नसतो, तेवढं भान ठेवायचं.

मोठ्या नावाचंही तसंच. अर्बन मायर हा कॉलेज फुटबॉलमध्ये तीनदा राष्ट्रीय विजेता ठरलेला माणूस. २०२१ मध्ये जॅक्सनव्हिलने त्याला आणलं. १३ सामन्यांत २ विजय, आणि हंगाम संपायच्या आत घरी. कॉलेजातली पोरं प्रशिक्षकाच्या शब्दाबाहेर नसतात. इथं समोर कोट्यवधींचे करार झालेले बायकापोरांवाले पुरुष. कोरडवाहूत नाव काढलेल्याला बागायतीत रात्री दोनला लाईट आल्यावर केळीला पाणी भरायला उठवलं, तर तो उठेल याची हमी कोणी द्यायची?

म्हणून खरं तर आधी स्वतःचं शेत पाहायचं. आपला क्वार्टरबॅक कोवळा आहे की उतारवयाला लागला? पैसा हातात आहे की जुन्या करारांत अडकलाय? हे न ठरवता मुलाखती घेणारे जीएम पुष्कळ. २०१७ मध्ये लॉस एंजेलिसच्या रॅम्सनी अवघ्या ३० वर्षांच्या शॉन मॅकव्हेला नेमलं. आदल्या वर्षी लीगमध्ये सर्वांत कमी गुण करणारा तो संघ त्या वर्षी सर्वांत जास्त गुण करणारा झाला. झालं! सगळ्यांना तरुण, आक्रमणाची आखणी करणारा, पटपट बोलणारा माणूस हवा झाला. रावेरला एकाला केळीत पैसे मिळाले म्हणून विहिरीला पाणी नसलेल्यानेही केळी लावावी, तसं.

मुलाखतीत खेळाचे प्रश्न असतातच. तीन गुणांनी मागे आहोत, चौथा म्हणजे शेवटचा प्रयत्न, चेंडू दोन यार्ड पुढे न्यायचा बाकी, घड्याळात अडीच मिनिटं, टाइमआउट एक: काय करशील? त्याहून मोलाचा प्रश्न मला वेगळा वाटतो: तुझ्याबरोबर कोण येणार? मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली वीसेक सहायक असतात. बचावातला जाणकार मुख्य झाला तर आक्रमण तो दुसऱ्याच्या हाती देतो. तो दुसरा चमकला की पुढच्या जानेवारीत एखादा संघ त्याला मुख्य प्रशिक्षक करून घेऊन जातो, आणि आपला क्वार्टरबॅक पुन्हा पहिलीपासून. शहाणा जीएम तेव्हाच विचारून ठेवतो की तो गेला तर त्याच्या जागी कोण.

आणि उचल घेऊन पळणारेही असतात बरं का. २००० च्या जानेवारीत बिल बेलिचिकला न्यूयॉर्क जेट्सचा मुख्य प्रशिक्षक म्हणून पत्रकारांसमोर आणलं, तर त्याने तिथंच राजीनामा जाहीर केला. मग न्यू इंग्लंडने नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला आपला पहिल्या फेरीचा हक्क जेट्सना भरपाई म्हणून देऊन त्याला नेलं. त्याआधी क्लीव्हलँडमध्ये त्याचे ३६ विजय, ४४ पराभव. न्यू इंग्लंडमध्ये पहिल्या वर्षी ५ विजय, ११ पराभव. पुढे त्याच माणसाने त्यांना सहा सुपर बोल जिंकून दिले.

माझ्या पिट्सबर्गचा चक नॉल तर १९६९ मध्ये आला आणि १४ पैकी १३ सामने हरला. तरी ठेवला, तो १९९१ पर्यंत. चार सुपर बोल. त्याच्यामागून बिल काउअर, मग माइक टॉमलिन. पन्नासहून जास्त वर्षांत तीन माणसं! मी तिथं असताना लोक टॉमलिनला दर पराभवानंतर शिव्या घालायचे, आणि संघ ढिम्म. नॉलला का ठेवला असेल? १३ पराभवांच्या त्याच वर्षी त्याने पहिला निवडलेला पोरगा जो ग्रीन होता, जो पुढे त्या संघाच्या बचावाचा कणा झाला. गुणफलकावर काही दिसत नव्हतं, पण गोठ्यात गेलं असतं तर दिसलं असतं. करारावर सही होते त्या दिवशी निवड अर्धीच होते, असं माझं मत. उरलेली अर्धी पहिल्या पाच-सहा पराभवांनंतर करायची असते, आणि तिथंच बहुतेकांचा धीर सुटतो.

हे सगळं माहीत असून मी स्वतः शेण खाल्लं, तेही सांगतो. आमच्या इथल्या पोरांच्या क्लबसाठी, आपल्या पायाच्या फुटबॉलसाठी, प्रशिक्षक हवा होता. कमिटीत मी होतो. एक जण ट्रॅकसूट घालून, लॅपटॉप घेऊन आला, पडद्यावर बाण काढून दाखवले, आम्ही पाचही जण भारावलो. त्याच्या आधीच्या पोरांना एक फोन करायचा, तो कोणी केला नाही. दोन महिन्यांत निम्मी पोरं यायची बंद झाली. एकाला विचारलं तर म्हणाला, "काका, चुकलं की सर सगळ्यांसमोर आईवरून बोलता."

दुसऱ्या वेळी मी धुळ्याला गेलो, न कळवता. एका शाळेच्या मैदानावर कुंपणाबाहेर उभा राहिलो. त्या सरांचा संघ चार गोलांनी हरला. गोलकीपर पोरगा खांबाला टेकून बसला होता. सर त्याच्याजवळ गेले, उकिडवे बसले, काडीने धुळीत एक रेघ ओढली आणि म्हणाले, "तू इथं उभा होतास. बॉल कुठून आला?" पोराने बोट दाखवलं. मग काडी त्याच्याच हातात दिली. मी तिथंच ठरवलं. लॅपटॉप आहे का, हे विचारायचंही राहून गेलं.

त्या सरांना आता चार महिने झाले. सहापैकी पाच सामने हरलोय. कमिटीतले दोघं कुजबुजायला लागलेत की जळगावला एक चांगला माणूस रिकामा आहे. गेल्या रविवारी धरणगावला ३-१ हरलो तेव्हा ते दोघंही आले होते. शिट्टी वाजली तसा आमचा गोलकीपर पाण्याच्या जारकडे न जाता सरळ सरांकडे गेला, वाटेत एक काडी उचलली, आणि त्यांनी काही म्हणायच्या आधीच धुळीत बसून रेघ ओढायला लागला. मी त्या दोघांना कोपराने ढोसून तिकडे बघायला लावलं आणि चहा सांगितला.