दुसऱ्या आठवड्यात सोडून गेलेल्यांचे काय?

मे महिन्याच्या अखेरीस आमच्या बँकेच्या मुख्य कार्यालयाकडून एक परिपत्रक आले. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झालेला आठ आठवड्यांचा ऑनलाइन मनःस्वास्थ्य कार्यक्रम यशस्वी ठरला असून तो पूर्ण करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या ताणाचे सरासरी गुण स्पष्टपणे खाली आले आहेत, सबब तो सर्व शाखांना लागू करण्यात येईल, असा त्याचा आशय होता. ज्यांचे गुण खाली आले त्यांत मीही आहे. पहिल्या प्रश्नावलीत माझे ४० पैकी २४ गुण होते आणि शेवटच्या प्रश्नावलीत १५. तरीही ते परिपत्रक वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे, आणि ती अस्वस्थता कशाची आहे हे नीट मांडावे म्हणून हे लिहीत आहे.

मी सेलूच्या एका शाखेत कर्जाचे काम पाहतो. आपल्याकडे कामाने येणाऱ्या थकव्याला दोन वेगळे शब्द आहेत, शीण आणि उबग, आणि त्यांतला फरक मला गेल्या हिवाळ्यात कळला. शीण झोपेने जातो. उबग आला की झोपून उठल्यावरही शाखेची पायरी चढवत नाही. पीककर्जाच्या नूतनीकरणासाठी आलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याला मी आठ-अ उतारा जुना आहे म्हणून दोनदा परत पाठवले होते. ते तिसऱ्यांदा आले तेव्हा मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलेही नाही, नुसता कागद पुढे ओढला. ते गेल्यावर शेजारच्या शिपाईमामांनी सांगितले की ते दोन तास उभे होते. समोरच्या माणसाकडे माणूस म्हणून पाहणे थांबते, ही बर्नआउटची ओळखलेली खूण आहे हे मी नंतर वाचले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून येणारी स्थिती म्हटले आहे, आणि तिच्या तीन बाजू सांगितल्या आहेत: शक्ती संपून जाणे, कामापासून मन तुटणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रश्नावलीही याच तीन अंगांनी मोजमाप करते.

कार्यक्रम मला उपयोगी पडला, हे आधी स्पष्ट सांगतो. दर आठवड्याला दहा-दहा मिनिटांचे काही व्हिडिओ, श्वसनाचे सराव आणि रात्री झोपण्यापूर्वी दिवसाची नोंद लिहायची वही, एवढेच त्यात होते. नोंद लिहिण्याची सवय मला अजून आहे, आणि रात्री दोनला जाग येऊन वसुलीची यादी डोळ्यांपुढे फिरण्याचे प्रमाण खूपच कमी झाले आहे. परंतु ते कार्यक्रमामुळे झाले की मार्चअखेर सरल्यामुळे, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात बँकेतल्या कोणत्याही माणसाला ताणाविषयी विचारा आणि मेच्या मध्यात पुन्हा विचारा. मधल्या काळात त्याने एकही व्हिडिओ पाहिला नसला तरी त्याचे गुण उतरतील. वर्षाचा हिशोब बंद झालेला असतो, खरिपाच्या कर्जवाटपाची मोठी गर्दी जूनमध्ये यायची असते आणि मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात.

याला आणखी एक कारण जोडले जाते. अशा कार्यक्रमाला माणूस नाव देतो ते बहुधा सर्वांत वाईट दिवसांत देतो, आणि सर्वांत वाईट दिवसांनंतरचे दिवस सहसा त्याहून बरेच असतात. मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. कोरड्या वर्षी केलेल्या कोणत्याही उपायाला पुढच्या वर्षीच्या पावसाचे श्रेय मिळते. म्हणून एकाच गटाला आधी आणि नंतर मोजून काहीही सिद्ध होत नाही. त्याच आठवड्यांत, त्याच कामावर असलेला, पण कार्यक्रम न मिळालेला दुसरा गट शेजारी ठेवावाच लागतो.

तो दुसरा गट कसा निवडावा, यातच सगळी मेख आहे. कार्यक्रमाला आलेल्यांची तुलना न आलेल्यांशी केली तर काय होते, हे अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासातून फार स्वच्छ दिसते. तिथे सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांमधून कोणाला आरोग्य कार्यक्रम द्यायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या यादृच्छिक पद्धतीने ठरवले. कार्यक्रमात प्रत्यक्ष भाग घेणारे आणि न घेणारे यांची तुलना केली तेव्हा कार्यक्रम गुणकारी भासला. पण ज्यांना देऊ केला ते सगळे आणि ज्यांना देऊ केला नाही ते सगळे, अशी चिठ्ठीप्रमाणे तुलना केली तेव्हा पहिल्या वर्षात वैद्यकीय खर्च, कामाची उत्पादकता किंवा स्वतः सांगितलेली प्रकृती यांत लक्षणीय फरक आढळला नाही. भाग घेणारे मुळातच अधिक निरोगी होते. हे वाचताना मला आमचे परिपत्रक आठवले, कारण त्यात फक्त ‘पूर्ण करणाऱ्यांची’ सरासरी होती.

म्हणून ऑनलाइन कार्यक्रम निरर्थक असतात, असा निष्कर्ष मी काढत नाही. २०१६ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन चाचणीत ताणाचे गुण ४० पैकी २२ किंवा त्याहून अधिक असलेले २६४ कर्मचारी घेतले होते. निम्म्यांना इंटरनेटवरचा ताणव्यवस्थापनाचा कार्यक्रम लगेच मिळाला, निम्मे प्रतीक्षा यादीवर राहिले, आणि सहा महिन्यांनीही पहिल्या गटाचा ताण दुसऱ्यापेक्षा बराच कमी होता. त्या कार्यक्रमात प्रत्येक पाठानंतर प्रशिक्षित व्यक्ती सहभागी कर्मचाऱ्याला लेखी उत्तर देत असे. आमच्या ॲपमध्ये नोंद लिहिली की एक हिरवी खूण उमटायची, बस. दोन्हींना ‘ऑनलाइन कार्यक्रम’ हे एकच नाव आहे, पण एकाचा पुरावा दुसऱ्याला लागू होत नाही. दुसऱ्या बाजूला, ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणावर आधारलेल्या, ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांच्या २०२४ च्या अभ्यासात ॲप, मनाच्या लवचिकतेचे प्रशिक्षण, ताणव्यवस्थापन वर्ग असे वैयक्तिक उपाय घेणारे कर्मचारी न घेणाऱ्यांपेक्षा अधिक बरे दिसले नाहीत. त्यात चिठ्ठ्या नव्हत्या, त्यामुळे तोही शेवटचा शब्द नाही. याच कारणाने आपली चाचणी आपणच नीट करायला हवी असे मला वाटते.

आता आमच्या कॅशिअर मॅडमविषयी. त्या रोज परभणीहून गाडीने येतात आणि घरी सासूबाईंचे अंथरुणाला खिळलेले दुखणे आहे. त्यांनीही नाव नोंदवले होते आणि दुसऱ्या आठवड्यात सोडून दिले. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, “सर, व्हिडिओ चांगला हाय, पण बघू कधी? गाडीत लावला तर ती बाई म्हणते डोळे मिटा अन् श्वासाकडं लक्ष द्या. मी डोळे मिटले की झोपच लागती. सेलू मागं पडंल अन् थेट परतूरला उतरावं लागंल.” सकाळी दहापासून टोकनची रांग, मध्येच सर्व्हर बंद, संध्याकाळी रोकड जुळेपर्यंत जागचे हलायचे नाही, त्यांना दहा मिनिटे कोठून मिळणार? शाखेत सर्वांत जास्त थकलेल्या त्याच आहेत, आणि त्यांनी शेवटची प्रश्नावली भरलीच नाही म्हणून सरासरीत त्या नाहीत. सर्वांत थकलेली माणसे अशी गळत गेली की उरलेल्यांची सरासरी आपोआप सुधारते. जे गळाले त्यांनाही शोधून शेवटची प्रश्नावली भरून घेणे आणि त्यांना मूळ गटातच मोजणे हा चाचणीचा कणा आहे.

हे सगळे लिहून मी मनुष्यबळ विभागाला एक टिपण पाठवले आहे. चिठ्ठ्या व्यक्तींच्या नावाने न टाकता शाखांच्या नावाने टाकाव्यात, कारण एकाच शाखेत शेजारी बसणारी माणसे व्हिडिओ एकमेकांना दाखवतात आणि मग दोन गट वेगळे राहत नाहीत. निम्म्या शाखांना कार्यक्रम जुलैपासून मिळावा, निम्म्यांना दिवाळीनंतर, आणि दोन्हींची मोजणी एकाच आठवड्यात व्हावी. ज्याची अवस्था मुळातच गंभीर आहे त्याला मात्र कोणत्याही यादीत थांबवू नये. टेलिमानस या सरकारी मनःस्वास्थ्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत असावा. प्रश्नावलीवर कर्मचारी क्रमांक लिहायला लावू नये, कारण बदलीच्या आणि बढतीच्या काळात साहेबांच्या हाती जाऊ शकणाऱ्या कागदावर ‘मला आवरत नाही’ असे कोण लिहील? दोन मोजण्या जुळवण्यासाठी प्रत्येकाने स्वतःच ठरवलेला एखादा खुणेचा शब्द पुरतो.

भाषेचा मुद्दाही मी आग्रहाने मांडला. दहा प्रश्नांच्या त्या प्रसिद्ध ताणमापन प्रश्नावलीत सहा प्रश्न ताण विचारतात आणि चार प्रश्न उलट दिशेने, म्हणजे सगळे आटोक्यात असल्याची भावना विचारतात. आम्हाला आलेल्या मराठी अनुवादात एका उलट प्रश्नाचे वाक्य इतके अवघड झाले होते की शाखेतल्या तिघांनी तो सरळ समजून उत्तर दिले. प्रश्न भरायला देण्यापूर्वी तो चार शिपाईमामांना आणि चार लिपिकांना मोठ्याने वाचून दाखवावा आणि काय समजले ते विचारावे, एवढी साधी गोष्ट आहे.

टिपणातली शेवटची मागणी मात्र ॲपशी संबंधित नाही. ज्या शाखांना कार्यक्रम दिवाळीनंतर मिळणार आहे त्यांतल्या काहींना तोवर जून ते ऑगस्टपर्यंत एक जादा लिपिक द्यावा, आणि हा तिसरा गटही त्याच प्रश्नावलीने मोजावा. व्हिडिओने गुण जास्त उतरतात की दुसऱ्या काउंटरने, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे. मनुष्यबळ विभागातून फोन आला होता. शाखानिहाय चिठ्ठ्या मान्य आहेत, जादा लिपिकाबद्दल वरिष्ठांना विचारावे लागेल, असे तिकडून सांगण्यात आले. कार्यक्रम कोणत्या आठवड्यात सोडला आणि का, हा नवा प्रश्नही शेवटच्या पानावर घालायला ते तयार आहेत. मॅडमना मी ते सांगितले. त्या नोटा मोजत होत्या, गड्डी बांधून झाल्यावर म्हणाल्या, “लिहायला जागा जरा जास्त सोडायला सांगा, सर.”